लोखंडी हॉलचे भाऊबंद

ईरा, निशांत,

आज सकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्यामागे एवढा गोंधळ कसला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमकं त्याच क्षणी बँडवाल्यांनी ताशा बडवायला घेतला. तुम्हाला दिसला असेल तो फक्त माझा हलणारा जबडा. म्हणून लिहायला बसले आहे.  काल लोखंडी हॉलचं कुलूप निघालं!

तुमच्या आईला हे वाक्य वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा. मग तिला म्हणा, "आज आपण काय?" ती काय उत्तर देते ते मला कळवा.

हा प्रश्न हॉलकाकांचा, लोखंडी हॉलच्या रखवालदारांचा. म्हणजे विचारायचो आम्ही, उत्तर ते द्यायचे. जुन्या सुरतेतून कतारगामकडे जाताना डाव्या हाताला ती लांबलचक इमारत लागते, उंच कमानींची, वर काचेच्या झडपांची. तिच्या दारात ते उभे असायचे. येणारा-जाणारा ओरडायचा, "काका, आज आपण काय?" आणि ते हातातली पितळी घंटा एकदा वाजवून जाहीर करायचे, "आज आपण लग्न!" "आज आपण दवाखाना!" "आज आपण साडी सेल, पंचवीस टक्के सूट!" हॉल आणि ते स्वतः, यांत त्यांच्या लेखी फरक नव्हताच.

जाहीर करून भागायचं नाही. त्या दिवशी हॉल जे असेल, तसा त्यांचा वेष असायचा. लसीकरण असलं की पांढरा कोट, तोही उलटा, गुंड्या पाठीवर. शोकसभा असली की पांढरी टोपी आणि गळ्यातून निघणारा असा काही आवाज, की मृताच्या घरच्यांनीच त्यांना पाणी आणून द्यावं. सुदृढ बालक स्पर्धेला खिशात खुळखुळे, त्यामुळे ते चालले की सगळा हॉल वाजायचा. कुठली तरी नाटक कंपनी एक पेटी मागे टाकून गेली होती, त्यातून हा सगळा सरंजाम निघायचा. पायात मात्र बारा महिने निळी रबरी चप्पल. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातही मी हीच घालून जाईन, म्हणायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते परीक्षेच्या दिवशी. मी अमरावतीहून लग्न करून इकडे आले, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, आणि पहिल्याच वर्षी बोर्डाच्या परीक्षेला माझी या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली. दारात एक गृहस्थ उभे, डोळ्यांवर चष्मा. जवळ गेल्यावर लक्षात आलं की चष्म्याला काचाच नाहीत. त्यांनी त्या रिकाम्या चौकटीतून मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, चपला वाजतात तुमच्या. आज आपण परीक्षा आहोत. हळू."

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"सांगितलं ना. परीक्षा."

पेपर सुटल्यावर ते मला दाराबाहेर घेऊन गेले. कमानीवर लोखंडी इंग्रजी अक्षरं आहेत, गंज चढलेली. "तुम्ही इंग्रजीच्या ना? वाचा बरं." मी वाचलं. या जिल्ह्यातल्या कलाकुसरीच्या प्रदर्शनासाठी लोकवर्गणीतून ही वास्तू बांधली, एवढाच सरळ मजकूर आहे. मी तो मराठीत सांगितला. त्यांनी दुःखानं मान हलवली.

"चूक."

"अहो, चूक कशी असेल? समोर लिहिलंय!"

"त्यात असं आहे," ते एकेका अक्षराखालून बोट फिरवत म्हणाले, "की मी, राणी, सांगते. हे दार जो लावील, त्याची माझ्याशी गाठ आहे."

"असं त्यात कुठेही नाही."

"तुमचं इंग्रजी शाळेचं आहे, बाई. हे राणीचं आहे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'इंग्रजीबाई' झाले. तुमचा स्वभाव माझ्यावर गेला असेल तर तुम्हाला कळेल, मला चुकीचं ऐकवत नाही. मी पुढची कित्येक वर्षं त्यांना दुरुस्त करत राहिले आणि ते मला. पण गल्लीतली झाडून सगळी मुलं राणीचंच इंग्रजी शिकली. तुमची आईसुद्धा! भर वर्गात तिनं ते म्हणून दाखवलं होतं, माझ्याच वर्गात.

हॉलचा इतिहास मी एकदा शाळेच्या वार्षिकासाठी नीट क्रमानं लिहायला घेतला होता. काकांना विचारायला गेले ती माझी गंमतच झाली. एका बैठकीत त्यांनी सांगितलं की हे खांब बोटीनं विलायतेहून आले आणि तापीच्या धक्क्यावर उतरले. दुसऱ्या बैठकीत खांब इथेच ओतले होते, त्यांच्या पणजोबांच्या देखत. तुमचे पणजोबा तर खानदेशात शेती करत होते ना, असं म्हटल्यावर, "मग? माणूस बघायला येत नाही का?" असं उत्तर आलं.

खात्रीचं म्हणावं असं मला जे सापडलं ते थोडं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात प्रदर्शनांची हौस होती, तशी इथेही झाली. जर, किनखाब, चंदनावरचं कोरीव काम असं सगळं मांडायला गावानं वर्गणी काढून हा हॉल उभा केला. आतून बघाल तर रेल्वे स्टेशन आणि देऊळ यांच्या मधलं काहीतरी वाटतं. बारीक लोखंडी खांब, वर चहूबाजूंनी गॅलरी, तिथे जायला नागमोडी जिना, छपराला काचा. प्रदर्शन संपलं आणि हॉल उरला. मग तिथे वाचनालय आलं. प्लेगच्या वेळी खाटा पडल्या. हे सांगताना मात्र काका घंटा खाली ठेवायचे. लढाईच्या दिवसांत धान्याची पोती, मग रेशन, मग पडदा टांगून सिनेमा, मग बॅडमिंटन. मी आले तेव्हा हॉल भाड्यानं मिळायचा, कशालाही.

आणि काका तो कशालाही द्यायचे. त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. कुलपाची. हॉल एक दिवस जरी बंद राहिला तरी तो म्हातारा होतो, असं त्यांचं ठाम मत. "वापरात आहे तोवर कोणी हात लावत नाही," म्हणायचे. "कुलूप लागलं की लोक येतात, वर बघतात, मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन येतात." ज्या दिवशी हॉल कोणी घेतलेला नसे त्या दिवशी ते वेडेपिसे व्हायचे. रस्त्यावरची माणसं हाताला धरून आत आणायचे, बाकावर बसवायचे, हातात वर्तमानपत्र द्यायचे. "आज आपण वाचनालय. बसा. वाचा." एक रिक्षावाला रडकुंडीला येऊन सांगत होता, "काका, मने वांचतां नथी आवडतुं." वाचताच येत नाही म्हणाला, तर त्यांनी त्याला चित्रं बघायला लावली. माझ्याकडे शाळेत निरोप यायचा, "इंग्रजीबाई, हॉल रिकामा आहे, मुलं घेऊन या. काहीही करा." मी वर्गच्या वर्ग नेऊन स्पेलिंगच्या स्पर्धा घेतल्या आहेत, कोणी ठरवलेल्या नसताना.

नाही म्हणता येत नसे, त्यामुळे एकदा त्यांनी एकाच सकाळी साखरपुडा आणि कुस्त्या दोन्ही घेतले. मी साखरपुड्याला होते. आम्ही पोचलो तर अर्ध्या हॉलमध्ये ट्रकभर तांबडी माती! नवऱ्या मुलाची आई कपाळाला हात लावून किंचाळली, "हा मांडव आहे का आखाडा?" घंटा वाजली. काका मधोमध उभे, एका मनगटाला मोगऱ्याचा गजरा, दुसरा हात कोपरापर्यंत मातीनं माखलेला. "आज आपण दोन्ही!"

भरतभाई म्हणून एक साडीवाले होते, सेलसाठी दर महिन्याला हॉल घेणारे. त्यांच्या न खपलेल्या साड्या एकमेकींना जोडून मध्ये पडदा बांधला गेला. भरतभाई खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "काका, आ तो नुकसानीमां मरी गयो हुं!" इकडे अंगठी घालायची वेळ आली तर नवरा मुलगा जागेवर नाही. शोधाशोध. तो पडद्यापलीकडे, आखाड्याच्या कडेला उकिडवा बसून "धर, धर, पट काढ!" असं ओरडत होता. त्याला ओढून आणला, अंगठी हातात दिली, आणि एक धिप्पाड पैलवान पडदा फाडून, जांभळी साडी गुंडाळलेल्या अवस्थेत, मुलीच्या बापाच्या पायांशी येऊन पडला.  काकांनी घंटा हाणली. "शुभशकुन! पैलवान स्वतः पाया पडायला आला!" आणि टाळ्या पडल्या, अगदी मुलाच्या आईनंही वाजवल्या.

आता कानबाईचं सांगते, कारण त्याशिवाय आजचा बँड कळणार नाही.

सुरतेत खानदेशी माणसं पुष्कळ. लूमवर, मिलमध्ये, बांधकामावर. श्रावणातल्या एका रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसते. नारळालाच देवी मानून सजवतात, नथ घालतात, जागवतात, आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर निरोप देतात. तिच्यासाठी रोट करतात. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं गव्हाची मूठ मोजायची, तो गहू दळायचा आणि त्याच पिठाच्या पोळ्या करायच्या, ते रोट. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला तुकडाही देत नाहीत. कद्रूपणा नव्हे हा, बरं का. रोट ज्यानं खाल्ला तो घरचा झाला, म्हणून जपून द्यायचा. आणि एकदा सुरू केलेले रोट मोडायचे नाहीत, दर साली करायचे.

काका खानदेशातलेच. पण भावांशी वाटणीवरून फाटलं आणि ते तरुणपणी इकडे निघून आले. लूमवर टिकले नाहीत, कारण मशीन त्यांचं ऐकून घेत नसे. तेव्हापासून त्यांच्या नावानं मूठ घालणारं कोणी नव्हतं. कानबाईच्या रविवारी ते हॉल मुद्दाम कोणाला तरी स्वस्तात द्यायचे आणि दिवसभर नेहमीपेक्षा जास्त घंटा वाजवायचे.

मग एका वर्षी तापीला मोठा पूर आला तो कानबाईच्या दिवसांतच. मी आणि तुमची आई घरी दोघीच होतो, आजोबा भरूचला अडकलेले. सकाळी अंगणात आलेलं पाणी बघता बघता खिडकीला लागलं. गल्लीच्या टोकाकडून घंटा ऐकू येत होती, थांबतच नव्हती. त्या आवाजाच्या दिशेनं आम्ही कमरेइतक्या पाण्यातून चालत गेलो. हॉलची सगळी दारं सताड उघडी. काका उंबऱ्यात उभे राहून एकेकाला नागमोडी जिन्यानं वर गॅलरीत पाठवत होते.

मी सवयीनं विचारून गेले, "काका, आज आपण काय?"

त्यांच्या अंगावर ओली बंडी आणि लेंगा. "काय घालावं तेच सुचत नाही, इंग्रजीबाई," ते म्हणाले. त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गॅलरीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. भरतभाईंचं कुटुंब होतं. लोचन नावाचा लूमवरचा ओडिया कामगार, त्याची बायको आणि त्यांची मिली, चार-पाच वर्षांची. आणि कडोदऱ्याला लूमवर असलेल्या मुलांची आई, जिला सगळे मोठी माय म्हणायचे. ती सणासाठी कडोदऱ्याहून सुरतेतल्या धाकट्या मुलाकडे आली होती. तिनं घरातलं काहीही उचललं नव्हतं, फक्त कानबाईचा नारळ आणि मोजून दळलेल्या पिठाचा डबा. दोन्ही पोटाशी धरून बसली होती.

खाली बाक तरंगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांकडचं खाणं संपत आलं. छपराच्या फुटक्या काचेखाली ताडपत्री धरून पाणी साठवलं, पण पोटाचं काय? मिली रडून रडून आता नुसतीच मुसमुसत होती. सगळ्यांच्या नजरा त्या डब्याकडे जायच्या आणि वळायच्या. मागितलं कोणीच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

मोठ्या मायच्या डोळ्यांत पाणी होतं. ती आपणहून म्हणाली, "रोट भाऊबंदशिवाय कोनले देतस नही, माय. मी काय करू?"

काका जिन्याच्या पायरीवर बसले होते, ते उठले. "माय, भाऊबंद म्हणजे कोन?"

"तुले मालूम नही का? ज्यासना गहू एक पाटीमा मोजा जातस, त्या भाऊबंद."

"मंग मोज."

"काय मोजू?"

काकांनी घंटा उचलली आणि वाजवली, अशी की वरच्या काचा थरारल्या. "ज्याच्याकडे जे आहे ते काढा! प्रत्येकाच्या नावानं एक मूठ. या पाटीत!"

भरतभाईंनी खिशातून शेंगदाणे काढले. लोचनच्या बायकोकडे पदराला बांधलेले मुरमुरे होते. माझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा होता, त्याचा मी आणि तुमच्या आईनं चुरा केला. कोणाचे पोहे, कोणाचा रवा. मिलीच्या मुठीत तिच्या आईनं चार मुरमुरे दिले, ते तिनं टाकले आणि एक परत घेऊन खाल्ला. सगळ्यांच्या मुठी पडल्यावर काकांनी पाटी मोठ्या मायसमोर ठेवली आणि खाली बघत उभे राहिले.

"तुनी मूठ?" मायनं विचारलं.

"माझ्याकडे काही नाही."

मोठ्या मायनं डबा उघडला. आतलं पीठ मुठीनं घेतलं आणि पाटीत टाकलं. "ही याच्या नावाची," असं तिनं कानबाईच्या नारळाला सांगितलं, शुद्ध मराठीत, जणू देवीला अहिराणी कळणार नाही. मग सगळा डबा त्यात उपडा केला.

हॉलच्या स्वयंपाकाचा स्टोव्ह वर आणलेला होताच. ते रोट कसे झाले विचारू नका. शेंगदाण्यानं तुटत होते, बिस्किटानं करपत होते. मी अमरावतीचे, सुरतेचे, मुंबईचे सगळे पदार्थ खाल्ले आहेत, पण ती चव पुन्हा मिळालेली नाही. काकांनी आपला रोट दोन्ही हातांत धरला आणि कोपऱ्यात तोंड करून खाल्ला. 

"आते पुढला सालबी मूठ घालाले येवा," मोठ्या मायनं सगळ्यांना बजावलं. "रोट मोडता येत नही."

आणि आम्ही आलो. दर साली, कानबाईच्या रविवारी, याच हॉलमध्ये. लोचन भेस्तानला राहायला गेला, तिथून यायचा. भरतभाईंची सून पहिल्या वर्षी नाक मुरडत आली आणि तिसऱ्या वर्षी खिरीत साखर कमी आहे म्हणून भांडली, तेव्हा मोठी माय म्हणाली, आता ही घरची झाली. त्या दिवशी काका पेटी उघडत नसत. स्वतःचा धुतलेला पांढरा शर्ट घालून दारात उभे राहायचे.

"काका, आज आपण काय?"

"आज आपण भाऊबंद!"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच, हॉलमागच्या खोलीत. आदल्या दिवशी ते रक्तदान शिबिर होते. आणि त्यांच्यामागून महिन्याभरात, ज्याची त्यांना भीती होती तेच झालं. इमारत जुनी, धोक्याची असेल, तपासणी होईपर्यंत बंद, असं ठरलं आणि दाराला कुलूप लागलं. माणसं आली, वर बघितलं, मान हलवली. पाडणार, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं.

श्रावण आला. मी मोठ्या मायला फोन केला, की आता रोट कुठे करायचे? ती म्हणाली, "करना नही. आपला मानूस गया ना."

भाऊबंदांत मयत झालं की त्यांच्याकडे रोट थांबतात आणि घरात मूल जन्मल्यावरच पुन्हा सुरू होतात. मला हे माहीत नव्हतं. त्या रविवारी भरतभाईंच्या घरी रोट नाही, भेस्तानला लोचनकडे नाही, कडोदऱ्याला नाही, माझ्याकडे नाही. ज्या माणसाच्या नावानं मूठ घालणारं कोणी नव्हतं, त्याच्यासाठी किती घरांत तवा चढला नाही! मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच रडले, दुःखानं आणि अभिमानानंही.

आणि मग यंदा, बरोबर आषाढात, लोचनचा फोन. आवाज फाटलेला. "टीचरदीदी, मिली को बेटी हुआ!"

मी चप्पल न घालता शेजारी पळाले. मोठ्या मायला कळवलं. कोणीतरी तिला म्हणालं की मुलगा झाल्यावरच रोट सुटतात ना? ती आता नव्वदीकडे झुकली आहे, पण उत्तर काय ठणठणीत! "कानबाईले काय पोऱ्या नि काय पोर! ती सोता बाई शे."

रोट सुरू करायचे, पण कुठे? जिथे ते सुरू झाले होते तिथेच. म्हणजे कुलपाच्या आत. तपासणीसाठी नेमलेल्या इंजिनियर बाईंना आम्ही जाऊन भेटलो. तरुण मुलगी, इथलीच, गुजराती. एक दिवस हॉल द्या, म्हणालो. ती म्हणाली, गॅलरी पक्की आहे का ते मी बघते आहे, तिथे कोणी चढायचं नाही. खालची जमीन मात्र भक्कम आहे. एका कुटुंबाचा घरगुती कार्यक्रम असेल तर मी समोर थांबून होऊ देईन, समारंभ नको.

"एकाच कुटुंबाचा," मी लगेच म्हणाले.

काल सकाळी ती किल्ली घेऊन आली आणि बघतच राहिली. अहिराणी, ओडिया, गुजराती, माझ्यासारखी एखादी वऱ्हाडी, दारात हा गलका!

"केटलां कुटुंब छे आ?" तिनं विचारलं. किती कुटुंबं ही?

"एक," खुर्चीवरून मोठी माय म्हणाली.

"आ बधां एक ज?" हे सगळे एकच?

भरतभाई पुढे झाले. "बेन, अर्धो कलाक बेसो. झगडतां जोशो एटले खातरी थई जशे." अर्धा तास बसा, आम्हाला भांडताना बघाल म्हणजे खात्री पटेल. आणि खरंच, तोवर त्यांची सून आणि मोठ्या मायची सून खिरीवरून सुरूही झाल्या होत्या. इंजिनियर बाई हसली. मग तिनं कमानीकडे बोट दाखवलं. "हे काय लिहिलंय? गंजामुळे मला नीट लागत नाही." सगळी पोरं एका सुरात ओरडली, "हे दार जो लावील, त्याची राणीशी गाठ आहे!"

ती चमकून माझ्याकडे वळली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की मी इंग्रजीची शिक्षिका. "खरंच असं आहे?"

ईरा, निशांत, मी उभ्या आयुष्यात चुकीचं भाषांतर केलेलं नाही. मी त्या अक्षरांकडे नीट बघितलं. "राणीचं इंग्रजी आहे ते," मी म्हणाले. "जरा जुनं आहे."

कुलूप निघालं. आत धूळ होती आणि वरच्या काचांतून पडलेलं ऊन होतं. पेटीवर घंटा तशीच होती. सगळे दारात थांबले, कोणी आत पाऊल टाकेना. आधी कोणीतरी तो प्रश्न विचारावा, याची जो तो वाट बघत होता. शेवटी मिलीनं लेकीला खांद्यावर घेत विचारलं, "टीचरदीदी, आज आपण काय?" मी घंटा उचलली. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. वाजवली. बाळ दचकून रडायला लागलं आणि सगळे एकदम बोलायला लागले.

पाटी मध्ये ठेवली. बाळाची पहिली मूठ तिच्या आजोबांनी, लोचननं घातली. सगळ्यांच्या झाल्या. दळण-भाजण झालं, रोट तयार झाले, वास सुटला. इंजिनियर बाई खांबांवर ठोकून बघत होती, पण तिचं लक्ष कुठे होतं ते आम्हाला दिसत होतं. मोठ्या मायनं तिला जवळ बोलावलं.

"भूक लागनी?"

"थोडी."

"असं देता येत नही, माय. आधी मूठ."

तिच्या पर्समधून एक खाखरा निघाला. मायनं तो तिला स्वतःच्या हातानं चुरायला लावला, मागे राखून ठेवलेल्या पिठात मिसळला आणि त्याचा एक रोट वेगळा लाटून घेतला. मुलीनं तो खाल्ला, बोटं चाटली, खूप छान म्हणाली. मायनं तिचा हात सोडला नाही.

"पुढला साल कोठे येशी?"

"इथेच ना," ती पटकन बोलून गेली, आणि मग थांबली. तिनं वर काचांकडे बघितलं, खांबांकडे बघितलं, भांडणाऱ्या सुनांकडे बघितलं. भरतभाई हसू दाबत छताकडे बघत होते. "दिवाळीनंतर दुरुस्ती काढावी लागेल," ती म्हणाली. "ही इमारत वापरात आहे, रिकामी नाही, हे मी उद्याच सांगते. दार उघडं ठेवायला मात्र इथे कोणीतरी माणूस हवा."

किल्ली सध्या माझ्याकडे आहे. उद्या आपण स्पेलिंग स्पर्धा आहोत, परवाचं भरतभाई बघतायत.

आज सकाळी ऐकलात तो कानबाईला तापीवर निरोप देणारा बँड. आणि हो, काल पाटीत तुमच्याही नावाच्या मुठी मी घातल्या, आईच्या, बाबांच्या, तुम्हा दोघांच्या. तुमचे हात आता केवढे झाले असतील याचा मला अंदाज येईना, म्हणून जरा भरूनच घातल्या.